ओस डोंगरावरचे वरंबे



या सदरात आजवर मी आपल्याशी बी-बियाणे, खते, कीड-रोग आणि बांधबंदिस्ती यांविषयीच बोलत आलो. आज जरा वेगळा विषय घेतो. "साहेब, तुम्ही विलायतेला जाऊन आलात असे कळले. तिथली शेती कशी आहे ते का लिहीत नाही?" असे आपल्यापैकी काहींनी विचारले. खरे सांगायचे तर मी तिथे शेती पाहायला गेलो नव्हतो, लेकीला भेटायला गेलो होतो. पण शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस कुठेही गेला तरी त्याची नजर आधी मातीवर जाते. शिवाय माझ्याबरोबर माझे थोरले बंधू होते, आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. मी पदवी घेतली ती कॉलेजात, त्यांनी घेतली ती बांधावर.

आमची लेक ग्लासगो शहरात नोकरीला आहे. हे शहर स्कॉटलंडात, म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेला लागून असलेल्या मुलखात येते. २०२३ च्या मे महिन्यात तिने आम्हा दोघा नवराबायकोला बोलावले आणि हट्टाने सांगितले, "थोरल्या बाबांना आणि मोठ्या आईलाही आणा." आता दादा म्हणजे पंढरीची वारी सोडली तर गोठ्यापासून एक रात्र दूर न राहिलेला माणूस. "म्हशींचं कोण बघणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि शेवटचाही तोच. अखेर पुण्यात नोकरी करणारा त्यांचा धाकटा मुलगा रजा काढून गावी येऊन राहिला, तेव्हा कुठे दादा-वहिनी निघाले.

त्या वेळी आमच्या घरात एक विषय घोळत होता, तोही सांगून टाकतो, कारण पुढच्या साऱ्या हकिकतीशी त्याचा संबंध आहे. आमचे गाव भोर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. सात एकर जमीन, त्यात निम्मी भाताची, बाकी वरकस. त्या बाजूला फार्महाऊससाठी जमिनी घेणारे लोक येतात, हे आपणांस ठाऊक आहेच. आमच्या सातही एकरांना गिऱ्हाईक आले होते. रक्कम अशी होती की भाताने ती तीन पिढ्यांत मिळाली नसती. पुतण्यांचे म्हणणे, द्यावी. दादा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

असो. लेकीने आमच्यासाठी तीन दिवसांची बसची सहल ठरवली होती. आपल्याकडे यात्रा कंपनीची पन्नास माणसांची बस असते, तशी ही नव्हे. सोळा आसनांची लहान बस, आणि चालक हाच वाटाड्या. गळ्याशी लहानसा ध्वनिवर्धक लावून तो गाडी चालवता चालवता माहिती सांगत असे. लेक आम्हाला मराठीत समजावी. लहान बसचा फायदा असा की डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर ती सहज जाते. तिथे कितीतरी ठिकाणी एकच गाडी मावेल एवढा रस्ता असतो आणि थोड्या थोड्या अंतरावर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी जागा केलेली असते. ज्याला ती जागा जवळ तो थांबतो आणि दुसरा जाताना हात वर करतो. तीन दिवसांत कुणी भोंगा वाजवलेला मी ऐकला नाही.

पहिल्या दिवशी सकाळी ग्लासगोहून निघालो. लॉख लोमंड या मोठ्या तळ्याच्या काठाने बस उत्तरेला लागली. तिथल्या भाषेत तळ्याला आणि समुद्राच्या आत शिरलेल्या फाट्यालाही लॉख म्हणतात. दोन-अडीच तासांत रॅनोक नावाचे पठार लागले. डोळे पोचतील तिथवर तपकिरी माळ, मधूनमधून पाण्याची डबकी, झाड औषधाला नाही. दादांनी विचारले, "एवढं पाणी असून रान असं मोकळं का?"

हा प्रश्न माझ्या खात्यातला होता, म्हणून मीच उत्तर दिले. ते आपणही ऐकावे. तिथली ती काळी, स्पंजासारखी माती म्हणजे पीट. आपल्याकडे शेणखत घातले की ऊन आणि ओल मिळून ते भराभर कुजते, जमिनीतले सेंद्रिय द्रव्य टिकतच नाही. तिथे उलटे. थंडी बारमाही, पाऊस बारमाही, पाण्याचा निचरा नाही. त्यामुळे गवत-शेवाळ मरते, पण पुरते कुजत नाही, थरावर थर साचत जातो. वर्षाला फार तर एक मिलिमीटर. म्हणजे कमरेइतका थर साचायला हजार वर्षे. अशी जमीन अतिशय आम्ल असते, तिचा सामू इतका खाली असतो की धान्य तिथे धड येत नाही. हे लोक तीच माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जाळत आले आहेत. आपल्या गोवऱ्याच म्हणा ना.

पुढे ग्लेन्को नावाची खिंड लागली. दोन्ही बाजूंना काळे कडे. १६९२ सालच्या फेब्रुवारीत इथे राजाच्या सैनिकांनी ज्या घरांचा पाहुणचार घेतला त्याच घरांतली माणसे पहाटे कापून काढली. त्या खिंडीत वहिनींनी नकळत हात जोडले. पुढे बेन नेव्हिस हा साऱ्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर ढगात अर्धा बुडालेला दिसला. त्याची उंची १३४५ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. हे सांगताच दादांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते आपण ओळखू शकाल!

ग्लेनफिनन येथे एकवीस कमानींचा रेल्वे पूल आहे, तोही दगडी नसून काँक्रीटचा. १९०१ साली त्यावरून गाडी सुरू झाली. आता सिनेमांमुळे तो जगभर ठाऊक झाला आहे, त्यामुळे तिथे गर्दी फार. आमच्या वाटाड्याने मात्र पुढे समुद्रकाठी बस थांबवून दूरचे एक बेट दाखवले. बेटाचे नाव एग. पिढ्यान् पिढ्या ते एकेका धनिकाच्या मालकीचे असे, आणि विकले जाई तेव्हा वरच्या माणसांसकट विकले जाई. १९९७ साली तिथल्या रहिवाशांनी देणग्या गोळा करून, इतर संस्थांच्या साहाय्याने ते बेटच विकत घेतले. तेव्हा तिथे साठ-पासष्ट माणसे उरली होती, आज शंभरावर आहेत. दादा म्हणाले, "म्हंजे गावानंच गाव इकत घेतलं." मी म्हटले, "होय."

मॅलेग बंदरावरून बससह आम्ही बोटीत चढलो आणि पाऊण तासाच्या आत स्काय बेटावर उतरलो. मुक्काम पोर्ट्री या छोट्या बंदराच्या गावाजवळ, एका घरगुती ठिकाणी होता. रात्री साडेनऊ वाजता सूर्य मावळला. वहिनी म्हणाल्या, "इथं सांजवात लावायची तरी कवा?"

दुसरा दिवस पूर्ण स्काय बेटावरचा. ट्रॉटर्निश नावाच्या उत्तरेकडच्या भागात ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा सुळका आणि किराइंगचे कडे पाहिले. लोक छायाचित्रे काढत होते. दादा खाली वाकून दगड चाचपीत होते. "आरं, ह्यो आपलाच काळा पाषाण." आणि ते अगदी बरोबर होते. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तिथे लाव्हाचे थरावर थर पसरले. आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट त्याहून थोडा जुना, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. जात तीच. म्हणून तिथले डोंगरही आपल्यासारखेच पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. जन्म सारखा, पण हवा वेगळी. म्हणून एका खडकावर इंद्रायणी भात होतो आणि दुसऱ्यावर नुसती मेंढरे.

दुपारी किलमुर येथे जुन्या गवती छपराच्या घरांचे संग्रहालय पाहिले. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, छपरावर दोर टाकून टोकांना दगड बांधलेले, वाऱ्याने उडू नये म्हणून. मधोमध पीटची चूल. जुन्या काळी अशा घरात एका अंगाला गुरे आणि दुसऱ्या अंगाला माणसे राहत. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आमच्या माहेरचं जुनं घर असंच होतं."

परतताना सायंकाळ झाली. ऊन तिरपे पडले होते. बस एका ओस उताराजवळून जात होती. घर नाही, कुंपण नाही, चार मेंढ्या आणि त्यांची कोकरे. एकाएकी दादांनी काचेवर बोट टेकवले.

"त्ये वरंबे हायेत."

मी पाहिले. दुपारच्या उन्हात जे दिसले नसते ते तिरप्या उन्हात स्पष्ट दिसत होते. साऱ्या उतारावर हाताच्या बोटांसारख्या समांतर रेघा होत्या, गवताखाली झाकलेल्या.

"पाण्यानं असं होत न्हाई. ह्ये माणसाच्या हातचं हाय. हितं कुणीतरी शेती केलीया. मग माणसं कुठं गेली?"

लेकीने प्रश्न वाटाड्याला विचारला. त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि आमच्याकडे वळून बसला. म्हणाला, "बहुतेक पाहुणे विचारतात की इथे इतकी सुंदर शांतता कशी? माणसे कुठे गेली असे फार थोडे विचारतात."

त्याने सांगितले आणि मी नंतर वाचून पाहिले, ते थोडक्यात असे. ते वरंबे बटाट्याचे आणि ओटचे. ज्या ओटचा चारा आपण रब्बीत म्हशींना घालतो, त्याचीच भाकरी आणि लापशी हे लोक खात. आम्ल, ओल्या मातीत पीक यावे म्हणून फावड्याने माती चढवून उंच वरंबे करायचे, निचऱ्यासाठी मध्ये चर ठेवायचे आणि खत म्हणून समुद्रातले शेवाळ घालायचे. ते शेवाळ टोपलीत भरून पाठीवरून वर आणण्याचे काम बहुतेक बायकांचे. जमीन मात्र त्यांची नव्हती. ती टोळीच्या सरदाराची. पूर्वी सरदाराला लढायला माणसे लागत, म्हणून माणसांना किंमत होती. १७४६ सालच्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर डोंगरी टोळ्यांचा सरकारी फौजेने पराभव केला. सरदारांची जुनी सत्ता गेली आणि ते नुसते जमीनदार उरले. आता त्यांना माणसे नकोत, खंड हवा होता. दक्षिणेकडचे मेंढपाळ एकेका खोऱ्याला कुळांपेक्षा जास्त खंड देऊ लागले. मग कुळांना हुसकावणे सुरू झाले. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, शंभरेक वर्षे चालले. काहींना समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर बसवले, काहींना बोटीत घालून कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे धाडले. १८४६ मध्ये बटाट्यावर करपा आला. हो, आपल्या बटाट्यावर येतो तोच उशिराचा करपा! आणि जे उरले होते त्यांचेही कंबरडे मोडले. १८५३ मध्ये याच स्काय बेटावरची बोररेग आणि सुइश्निश ही दोन गावे अशीच रिकामी केली गेली. १८४१ च्या शिरगणतीत स्काय बेटावर तेवीस हजारांवर माणसे होती. आज दहा हजारांच्या आसपास आहेत.

बसमध्ये कोणी बोलले नाही. दादा बराच वेळ त्या उताराकडे पाहत राहिले.

मुक्कामी आलो. घरमालकीणबाई स्वतः शेतकरी. तिथल्या लहान शेताला क्रॉफ्ट म्हणतात आणि शेतकऱ्याला क्रॉफ्टर. यांची घरालगत बारा-तेरा एकर जमीन, साठेक मेंढ्या, आणि वर डोंगरावर गावाच्या सामाईक कुरणात हिस्सा. आपल्या गायरानासारखेच, पण प्रत्येकाने किती जनावरे सोडायची ते ठरलेले. मेंढ्यांवर घर चालत नाही हे बाईंनी मोकळेपणाने सांगितले. मालक रस्तेदुरुस्तीच्या कामावर जातात, बाई दोन खोल्या पाहुण्यांना देतात, हिवाळ्यात सूत विणतात. मी विचारले, "मग जमीन ठेवता कशाला?" त्या म्हणाल्या, "जमीन आहे म्हणून आम्ही इथे आहोत. बाकीची कामे जमिनीला सांभाळण्यासाठी आहेत." वहिनींना हे भाषांतराची वाट न पाहताच समजले असावे, कारण त्या आधीच मान डोलावीत होत्या. मग दोघी बाहेर गेल्या आणि आई सोडून गेलेल्या एका कोकराला बाटलीने दूध पाजू लागल्या. कोणती कोणाची भाषा, कोण जाणे!

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर स्लिगाखनच्या लॉखपलीकडे वाटाड्याने एक गोलसर डोंगर दाखवला. नाव बेन ली. दिसायला काही विशेष नाही. पण त्याच्या पलीकडल्या अंगाला ब्रेज नावाच्या वाड्या आहेत. त्यांचा या डोंगरावरचा चराईचा हक्क जमीनदाराने काढून घेतला होता. लोक म्हणाले, आमचे कुरण परत द्या, तोवर खंड देणार नाही. १८८२ च्या एप्रिलमध्ये ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आणून धरपकड झाली. वाड्यांतल्या बायाबापड्या दगडधोंडे घेऊन सामोऱ्या गेल्या. बायका सर्वांत पुढे होत्या. त्या धुमश्चक्रीने सरकारचे डोळे उघडले. १८८३ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला आणि १८८६ मध्ये क्रॉफ्टरांचा कायदा झाला. खंड भरणाऱ्या कुळाला उठवता येणार नाही, खंड वाजवी ठरवला जाईल, कुळाने केलेल्या सुधारणेची भरपाई मिळेल, आणि जमीन वारसाला देता येईल. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आणि १९५७ सालच्या १ एप्रिलचा कृषक दिन यांना जे महत्त्व, तेच तिथे या कायद्याला. पुढे १९७६ च्या कायद्याने क्रॉफ्टरला जमीन वर्षाच्या खंडाच्या पंधरापट किमतीत विकत घेण्याचाही हक्क मिळाला.

पण ध्यानात घ्या, कायद्याने हक्क दिला तशी अटही घातली आहे. क्रॉफ्टरने शेतापासून बत्तीस किलोमीटरच्या आत राहिले पाहिजे आणि जमीन पडीक टाकता कामा नये. आणि सारे आलबेल आहे असेही नाही. पाहुण्यांच्या आणि सुटीतल्या घरांच्या पैशाने तिथे घरांच्या किमती चढल्या आहेत, गावच्या पोरांना गावात घर मिळणे कठीण झाले आहे. त्या पाहुण्यांत आम्हीही होतो, हे विसरून कसे चालेल?

पुढे बेटाला जमिनीशी जोडणाऱ्या पुलावरून आलो. तो १९९५ मध्ये झाला. आधी त्यावर जबर टोल होता, लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि २००४ मध्ये तो रद्द झाला. आयलिन डोनन हा पाण्यातला किल्ला आणि प्रसिद्ध लॉख नेस पाहून, कलोडनच्या माळावर थोडे थांबून रात्री ग्लासगोला पोचलो.

आता आपल्यापैकी कोणी लेकी-सुनांकडे विलायतेला जाणार असाल तर अशा सहलीविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली, कागदपत्रे. शेतकऱ्याने व्हिसासाठी उत्पन्न दाखवताना सातबारा, बँकेचे पुस्तक, माल विकल्याच्या पावत्या जोडाव्या आणि मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. दादांचे नाव सातबारावर एक आणि पासपोर्टवर दुसरे होते. त्यापायी आमचा महिना गेला. हे आधी जुळवून घ्या.

दुसरी, दिवस. मेचा पहिला पंधरवडा आपल्या दृष्टीने उत्तम. मशागत अंगावर आलेली नसते आणि तिथे त्या सुमारास पाऊस त्यातल्या त्यात कमी, दिवस मोठा. पुढे उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चावरी चिलटे थव्याने येतात, ती मेच्या सुरुवातीस नसल्यासारखीच.

तिसरी, पैसे. भाडे सांगतात त्यात मुक्काम, जेवण, बोटीचे तिकीट, किल्ल्यांचे प्रवेशमूल्य धरले आहे की नाही हे एकेक करून विचारून घ्या. पुष्कळदा नसते. हा खर्च थोडा नाही. मुक्कामाला लेकीचे घर होते म्हणून आम्हाला झेपला. कर्ज काढून जाण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

चौथी, सामान. लहान बसमध्ये माणशी एकच लहान बॅग चालते. त्यात पाणी न शिरणारा कोट, लोकरीची टोपी आणि घोटा झाकणारे बूट हवेतच. एका दिवसात चारदा ऊन आणि चारदा पाऊस येतो. चपला चालत नाहीत, माळ सगळा भिजलेला असतो. औषधे हाताशी ठेवा. शाकाहारी असाल तर आधी कळवा. आम्ही लेकीच्या घरून चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती दोन दिवस पुरली.

पाचवी, वागणूक. सांगितलेल्या वेळी बसपाशी हजर राहा, रोज जागा बदलून बसा म्हणजे खिडकी सर्वांना मिळते. कुणाच्याही माळावर जबाबदारीने चालण्याचा हक्क तिथे २००३ च्या कायद्याने सर्वांना आहे. पण फाटक जसे होते तसे लावा आणि कोकरांच्या मागे लागू नका. आणि प्रश्न विचारा. वाटाड्या आपण विचारू तितकेच सांगतो.

आता घरचे राहिले. आम्ही परत आलो तेव्हा पुतण्या गोठ्यात होता. पंधरा दिवसांत म्हशी त्याच्या हाताला आल्या होत्या. दादांनी सातही एकर देण्यास नकार दिला. कारण कोणाला सांगितले नाही, पण मला ठाऊक होते. मात्र थोरल्या पुतण्याच्या घरकर्जाचे ओझे खरे होते. अखेर वरकसातला ओढ्याकडचा दीड एकर द्यावा लागला. हे मी लपवत नाही. "जमीन विकू नका" असा उपदेश करणे सोपे, हप्ता भरणे अवघड.

ज्याने ती घेतली त्याने पहिले काम केले ते तारेचे कुंपण घालण्याचे. आमच्या म्हशींची ओढ्यावर जायची वाट त्यात बंद झाली. विक्रीच्या घाईत खरेदीखतात त्या वाटेचा उल्लेख करून घ्यायचे राहून गेले. मी शेतीखात्यातला माणूस, दुसऱ्यांना सल्ले देणारा, आणि माझ्याच घरी ही चूक झाली. वहिनी तारेपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, आपलं बेन ली झालं की." तहसीलदारांकडे अर्ज दिला आहे. तोवर म्हशींना विहिरीचे पाणी शेंदून द्यावे लागते.

तेव्हा बंधूंनो, सांगायचे ते एवढेच. त्या डोंगरांतल्या माणसांना हुसकावून लावले होते. आपल्याला कोणी हुसकावत नाही, आपण स्वतः सही करतो. म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी करा. सारी जमीन एकदम देऊ नका. घरातल्या बायकांना विचारा, कारण पाण्याची आणि गुरांची वाट त्यांना ठाऊक असते. द्यावीच लागली तर वहिवाटीची वाट, पाण्याची वाट आणि बांधावरची झाडे खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या. आणि जमिनीवर पोट भरत नसेल तर जमीन राखून जोडधंदा पाहा. राज्याचे कृषी पर्यटनाचे धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आहे. पाहुणा येणारच असेल, तर तो आपल्या ओसरीवर आपला पाहुणा म्हणून यावा हे बरे.

आमचा धाकटा पुतण्या आता महिन्यातून दोनदा गावी येतो. गेल्या पावसाळ्यात त्याने पहिल्यांदा स्वतः आवण काढून भात लावला. ओळी वाकड्या आल्या. दादा बांधावर उभे राहून पाहत होते, पण काही बोलले नाहीत.